वाडीचं मत

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. पस्तीस-चाळीस उंबरे, खंडोबाचं देऊळ आणि दोन खोल्यांची शाळा. निवडणूक आली की त्याच शाळेत मतदान केंद्र असायचं.

वाडीत अण्णांचा शब्द चालायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. कुणाची गाय अडली तर अपरात्री कंदील घेऊन निघायचे. फार पूर्वी एका पुढाऱ्याने वाडीवर वीज आणली होती. पहिला दिवा लागला त्या रात्री अण्णांनी देवळात सगळ्यांकडून शब्द घेतला, की यापुढे वाडीचं मत त्या घराण्यालाच. पुढे पुढारी वारला. मुलगा उभा राहू लागला. त्याने पक्ष बदलला, चिन्हही बदललं. वाडीचा शब्द बदलला नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री अण्णा पारावर बसून चिन्ह सांगायचे आणि सकाळी वाडी रांगेत उभी राहायची. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत, त्यामुळे कोणत्या वाडीने काय केलं हे नेमकं कळत नसे. यंत्रं आली आणि केंद्रवार आकडे कळू लागले. अण्णांना आनंदच झाला. वाडीचं इमान आता कागदावर दिसणार होतं.

वाडीला रस्ता मात्र नव्हता. पावसाळ्यात बाळंतिणीला डोलीत घालून उतरावं लागायचं. पुढाऱ्याच्या मुलाची गाडी पायथ्याच्या गावात थांबायची. "वाडी आपलीच आहे," असं म्हणून तो तिथूनच परत फिरायचा. समोरचा उमेदवारही तिथूनच फिरायचा. "वाडी त्यांची आहे, उगाच डिझेल कशाला जाळा?"

एका घरात नवी सून आली होती. ती हातपंपावर सहज बोलून गेली, "आमच्या माहेरी निम्मी मतं इकडं, निम्मी तिकडं. दोघंबी दारात येत्यात. डांबरी कवाच झाली." बायका हसल्या आणि हंडे उचलून घरी गेल्या.

त्या वर्षी यंत्रातून आकडा निघाला. घराण्याला 130 आणि समोरच्याला 48.

अण्णांना रात्रभर झोप लागली नाही. वाडीत अठ्ठेचाळीस जण फुटले, हे त्यांच्या मनाला पटेना. सकाळी त्यांनी देवळात बैठक बोलावली. मध्ये परात ठेवली, परातीत बेल आणि भंडारा. एकेकाने उचलायचा आणि मत कुणाला दिलं ते देवासमोर सांगायचं.

शाळेचे गुरुजी दाराशी उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, कुणी कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती करता येत नाही. 1951च्या कायद्यातच तसं आहे."

"कायदा खाली तालुक्याला, गुरुजी. हितं खंडोबा हाय."

कुणी पुढे येईना. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. ज्यांनी शब्द पाळला होता, तेही खाली बघू लागले. शपथ घेऊन खरं बोललो तरी शेजारी उघडा पडणार, हे त्यांनाही कळत होतं.

मग बायकांच्या घोळक्यातून अण्णांची कारभारीण उठली. पदर खोचून परातीपाशी आली.

"उचलते मी. पर एकदा उचलल्यावर मला खोटं बोलता यायचं नाही. आन् मी सांगंन ते समद्या वाडीदेखत तुमास्नी ऐकावं लागंल. चालंल?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या धाकट्या लेकीला डोलीतून उतरवलं होतं, त्या पावसातल्या रात्री ती डोलीमागे पायी चालली होती. लेक वाचली, बाळ गेलं. अण्णांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नव्हती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि परातीवर झाकलं. "भंडारा देवाला वाहा," एवढंच म्हणाले आणि उठून घरी गेले.

पुढची निवडणूक आली तेव्हा अण्णा पारावर बसले नाहीत. त्या वर्षी मात्र दोन गाड्या पायथ्याशी थांबल्या आणि दोन्ही उमेदवार धापा टाकत चढ चढून वर आले. एक सकाळी, एक संध्याकाळी. दोघांनाही हातपंपावरच्या बायकांनी एकच गोष्ट मागितली. निवडून कोण आलं ते या गोष्टीत महत्त्वाचं नाही. आधी मुरूम पडला, दोन वर्षांनी खडी आली आणि मग डांबर.

एकगठ्ठा मतांना नावं ठेवणं सोपं आहे. चिमुकली वाडी एकजुटीने राहते ती उपकार फेडायला आणि एकटं पडण्याच्या भीतीनेही. कधी कधी त्या एकजुटीनेच तिच्या पदरात काही पडतं. अण्णांचं चुकलं ते एकजुटीत नव्हे. वाडीचं मत मोजणीच्या कितीतरी आधी सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि ज्याचं मत ठाऊक आहे त्याच्यासाठी घाट चढायला कुणालाच सवड नव्हती.

गुरुजी म्हणाले तो कायदा आजही आहे. तुमच्या घरात म्हातारी आई असेल, पहिल्यांदा मत द्यायला निघालेली सून असेल, तर तिला तो सांगा. मग बाहेर आल्यावर कुणाला दिलंस, हे तुम्हीही विचारू नका.