विकलेल्या वस्तूत विकणाऱ्याचा हात

विक्रय झाला म्हणजे विकणाऱ्याचे स्वत्व सुटले आणि घेणाऱ्याचे उत्पन्न झाले, हा आपल्याकडील जुना सिद्धांत होय. गाय विकली, दावे हाती दिले; मग पहिल्या धन्याने रात्री गुपचूप गोठ्यात शिरून तिच्या चाऱ्यात हात घालावा, हे कोणास रुचेल? हल्ली वारीत माळेइतकाच मोबाइलही सर्वांपाशी असतो. त्याच्या बाबतीत असा हात घालता येतो, आणि तो घातला गेलाही आहे.

अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने २०१७ च्या जानेवारीत आपल्या आयफोनांसाठी सॉफ्टवेअरची एक आवृत्ती धाडली. ज्यांची बॅटरी थकली आहे अशा काही फोनांचा वेग आतल्या आत आवळण्याची योजना तीत होती. धन्यास मात्र हे सांगितले नाही. तो बिचारा समजला की फोनच म्हातारा झाला. पुढे काही जाणत्यांनी वेग मोजून दाखविला, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने गोष्ट मान्य केली, क्षमा मागितली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणला.

येथे श्रोते आशंका घेतील की कंपनीची बाजू काय? ती ऐकलीच पाहिजे; पूर्वपक्ष न मांडता सिद्धांत सांगणे ही आमची रीत नव्हे. लिथियमची बॅटरी भरता-उपसता झिजते. त्या फोनांची बॅटरी ५०० वेळा पुरती वापरली म्हणजे मूळ शक्तीच्या ८० टक्क्यांच्या आसपास उरावी, असा कंपनीचाच हिशेब. अशा थकल्या बॅटरीवर, विशेषतः थंडीत, एकदम भार पडला की फोन फटकन् बंद पडतो. तो पडू नये म्हणून वेग कमी केला. म्हाताऱ्या बैलास हळू हाकावे, तसे.

हे म्हणणे खोटे नाही. हळू हाकणे ही दयाच. पण अहो, बैल कोणाचा? ‘याची नाल झिजली आहे’ एवढे सांगितले असते तर धन्याने नवी नाल मारून घेतली असती. न सांगितल्यामुळे तो नवा बैल आणावयास बाजारात गेला, आणि बाजार त्याच कंपनीचा! त्यांचा हेतू तसा होता असे आम्ही म्हणत नाही. ते त्यांच्या अंतर्यामीचे. परंतु ज्या मौनाने दुसऱ्याचा पैसा आपल्या गल्ल्यात येतो, ते मौन निर्दोष कसे म्हणावे?

नारदस्मृतीत निर्दोष माल दाखवून सदोष देणाऱ्याने दुप्पट मूल्य द्यावे, असे सांगितले आहे. परीक्षेची मुदतही आहे: दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, मोत्या-हिऱ्यांस सात. म्हणजे पारखण्याचा भार घेणाऱ्यावरही आहे, हे विसरू नये. पण दोन वर्षांनी, हवेतून आलेली आज्ञा कोणी किती दिवस पारखावी? पखवाजाची पुडी उतरली तर ती डोळ्यांना दिसते, कानांना कळते. नवी चढविली की खोड पुन्हा बोलू लागते. मोबाइल उतरला तर कशाने उतरला, हे करणाऱ्याने सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून सांगण्याचे ऋण त्याच्यावर अधिक.

फ्रान्सच्या ग्राहकरक्षण खात्याने २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीस अडीच कोटी युरो दंड केला, तो ग्राहकांना कल्पना दिली नाही म्हणून. आम्हांस यातला विवेक पटतो. दोष औषधात नव्हता, ते चोरून पाजण्यात होता.

मार्च २०१८ मध्ये कंपनीने बॅटरीची प्रकृती दाखविणारे पान फोनात घातले आणि वेगाचे आवळणे बंद करण्याची मुभा धन्यास दिली. चौदा महिन्यांपूर्वी हे करण्यास काय हरकत होती? आता आमच्या दिंडीतील कोणी फोन मंदावला म्हणून नवा घेण्यास निघाले, की आम्ही विचारतो, “माउली, आधी बॅटरी दाखवली का?”