उतरण्याची मुभा

निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या सायकलस्वाराला गाव मागे पडते न पडते तोच तवंदीचा घाट सामोरा येतो. गुडघे धड असलेल्याला तेथे दम पुरेल का, एवढीच काळजी असते. संधिवाताने ज्याला गाठले आहे, त्याला चढणे कदाचित जमेलही. पण आज चढावे का, हे त्याला ठरवावे लागते, आणि हा प्रश्न निव्वळ शक्तीचा राहत नाही.

आपल्याकडे सोसण्याला मोठा मान आहे. दुखणे अंगावर काढणाऱ्याची आपण वाखाणणी करतो; घाटात उतरून सायकल हाताने ढकलणाऱ्याला मात्र ‘पंक्चर झाली काय?’ असे विचारतो. आजारावर मात केल्याच्या कथा आपल्याला रुचतात, कारण त्यांना शेवट असतो. जुनाट सांधेदुखीला तो नाही. आज ती ओसरते, उद्या पुन्हा उसळते. तिच्यापुढे शौर्य फारसे कामी येत नाही. लागते ते तारतम्य, आणि त्याचे पोवाडे कोणी गात नाही.

शरीरशास्त्र येथे हट्टाची बाजू घेत नाही, तशी आरामाचीही घेत नाही. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने तिच्यावर दाब पडतो व सुटतो, तेव्हा सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. सांधा निजवून ठेवणे म्हणूनच हिताचे नसते. सायकलवर देहाचा बराचसा भार बैठकीवर जातो. धावताना बसणारे हादरे गुडघ्याला बसत नाहीत. पण बैठक फार खाली राहिली किंवा जड गिअरवर चढ रेटला, की गुडघ्याच्या वाटीमागील दाब वाढतो. आणि आमवाताने सांधा सुजून तापला असेल, त्या दिवशी सायकल भिंतीला टेकलेलीच बरी.

अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँग हिला २००१ साली खुब्यांच्या झिजेच्या संधिवाताचे निदान झाले. ती सायकलकडे वळली, आणि २००८, २०१२ व २०१६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक कालबद्ध शर्यतीचे सुवर्णपदक तिने जिंकले. ही कथा जिद्दीचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील आधीचा भाग मोलाचा वाटतो : धावणे तिने सोडून दिले.

अर्थात सोडण्याचे हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. सायकल या मुलखाला जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभच १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. तरी हौसेने सायकल चालवणाऱ्याला वाटेत उतरता येते. याच निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या बायका तासन्‌तास मांडी घालून विड्या वळत आल्या. त्यांचेही गुडघे धरतात. त्यांच्या सोसण्याला कोणी जिद्द म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. हात थांबला, की तीही थांबते. ‘मांडी घालून बसू नका’ हा डॉक्टरांचा सल्ला शास्त्राला धरूनच असतो. तो ऐकून बाई घरी येते, आणि सूप मांडीवर घेते.