हजेरी थांबली, भरपाईचे काय?

आपल्या करवीर संस्थानात एके काळी महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतील माणसांना सरकारी हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून! माणूस घरी आहे की परगावी गेला, यावर सरकारचा डोळा. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली. पण ज्याची निम्मी हयात हजेरीत गेली, त्याची भरपाई कशी करायची?

मोडलेल्या हाताची किंमत कोर्ट ठरवते. लेकीबाळींसमोर खाली गेलेल्या मानेची कशी ठरवणार? सरकार याच अडचणीआड लपते.

स्वतंत्र भारतातही उत्तर प्रदेशातल्या खरकसिंगच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येत. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला होता, तरीही! १९६२ साली सुप्रीम कोर्टाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे मात्र मानले नाही. ते मानायला २०१७ साल उजाडले. पुढे २०१९ साली मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाचा फोन चोरून ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. ठीक झाले. पण ज्यांनी ऐकले, त्यांच्या डोक्यातले कसे पुसणार?

किंमत ठरत नाही म्हणून काहीच द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. बिहारचा रुदुल शाह निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात सडला. १९८३ साली सुप्रीम कोर्टाने त्याला एकूण पस्तीस हजार रुपये देवविले. चौदा वर्षांचे मोल पस्तीस हजार होते काय? मुळीच नाही. पण अपराध सरकारचा, हे त्या रकमेने कागदावर आणले. आणि हा हुकूम निघाला तो ३२ व्या कलमाखाली, ज्याला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले. घरात घुसखोरी झालेल्यालाही हीच वाट मोकळी का नसावी?

२०२३ चा माहिती संरक्षण कायदा पाहा. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत! ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातून छदाम नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना कायद्यातून वगळण्याची सोयही त्यात आहेच.

भरपाई सारी तिजोरीतून दिली तर ती तुमच्या-आमच्याच कराची. म्हणून तिचा काही हिस्सा, लहान का होईना, हुकमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून कापला पाहिजे.