हे तुमचं राहिलं



सज्जनहो, गुडघ्यांमुळे कीर्तनाला उभे राहणे आता सुटले. उभा होतो तेव्हा जे सांगायला जीभ धजली नाही, ते आज बसल्या जागी लिहितो.

एका कार्तिकीला पंढरीत वाळवंटात कीर्तन झाले. तीर्थमहिमा हाच विषय होता. लोकांनी प्रेमाने घातलेले हार मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि दुसऱ्या दिवशी स्नानाला गेलो तेव्हा पिशवीसकट चंद्रभागेत सोडून हात जोडले. थोडे खालच्या अंगाला एक म्हातारी माउली घरी न्यायला तीर्थ भरून घेत होती. पिशवी वाहत जाऊन तिच्या तांब्याला अडली. तिने ती उचलली, निथळली, माझ्यापर्यंत चालत आली, पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, हे तुमचं राहिलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पिशवी चुकून वाहून आली, असेच तिला वाटले. महाराज मुद्दाम टाकतील, हे तिच्या मनातही आले नाही. मी पिशवी घेतली आणि एक शब्द बोललो नाही. ते मौन आजही बोचते.

येथे शंका येईल की, जी नदी जगाची पातके धुते तिला एका हाराने मळ कसा लागेल? समाधान असे की, तीर्थाचे पावित्र्य आणि पाण्याची स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीर्थ भावाला फळते, पण पाणी हे पंचमहाभूतांपैकी एक आहे, ते आपल्या धर्माने वागते. फुले, अन्न पाण्यात कुजले की पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. साबणाचा फेस नामाने निवळत नाही. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, असे धर्मशास्त्रानेही सांगितले आहे. पाणी नासते, हे पूर्वजांना ठाऊक होते.

दुसरी शंका याहून अवघड आहे. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, तो शहरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा. तिथे माझ्या एका पत्रावळीचा काय हिशेब? शहरांनी आणि कारखान्यांनी पाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे, आणि तसे आपण ठणकावून मागितलेही पाहिजे. त्यात सवलत नाही. पण दिंडीत चालताना 'माझ्या एकट्याच्या आवाजाने काय होते' म्हणून कोणी गप्प बसतो का? एकेकाच्या आवाजानेच गजर होतो, हे आपण जाणतो. मग एकेकाच्या पिशवीने घाण होत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पुण्यात वाटा मोठा आणि दोषात लहान, हा हिशेब पांडुरंगापुढे चालायचा नाही.

शिवाय नदीही वारी करते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याहून मुळा-मुठा येऊन मिळते. ते सारे पाणी उजनीत साठते आणि मग पंढरीला येऊन चंद्रभागा म्हणवते. वरच्या गावी आपण मोरीत ओतलेले खालच्या गावच्या माउलीच्या तांब्याकडे निघते. आपल्या खाली सदैव कोणीतरी तांब्या घेऊन बसलेले असते.

म्हणून रोजचे नेम सांगतो, फार कठीण नाहीत. नदीत स्नान करावे, साबण लावू नये. कपडे काठापासून दूर धुवावेत आणि ते पाणी जमिनीत जिरू द्यावे. निर्माल्याचा दोरा, जर, प्लॅस्टिक वेगळे करून फुले मातीत पुरावीत. उरलेले तेल मोरीत ओतू नये, खरकटी भांडी आधी पुसून मग धुवावीत. शेतकरी बंधूंनी फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला धुऊ नये. वारीत शौचालयापुढे रांग असली तरी थांबावे, वाळवंटात बसू नये. ज्या वाळूत रात्री कीर्तन ऐकायचे, तिथे सकाळी घाण करणे कोणत्या भक्तीत बसते?

माझे हार त्या वर्षापासून घरी येतात. सूनबाई फुले सोडवून तुळशीच्या आळ्यात घालते. दोरे माझ्या वाटणीला येतात. ते सोडवताना बोटे थरथरतात, वेळ लागतो. पण तेवढा वेळ नाम घेता येते.

त्या माउलीची भेट पुन्हा झाली नाही. झाली असती तर खरे सांगितले असते, की पिशवी राहिली नव्हती, मीच टाकली होती. तिला जे सांगायचे राहिले, ते आज तुम्हाला सांगितले.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.