खुडण्याचा हक्क

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाच्या नैवेद्यात ठोंबरा आणि रोडगा यांच्या जोडीला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि लसूण यांना स्थान असते. आणि कांदेनवमीला यथेच्छ समाचार घेऊन ज्या घरांनी चातुर्मासापुरते वांगे, कांदा व लसूण यांना हद्दपार केलेले असते, त्याच घरांत त्या दिवशी ही मंडळी देवाच्या पानावर मानाने विराजमान होतात, ही आपल्या धर्माचरणातील विसंगती म्हणून पुष्कळांनी थट्टेवारी नेली आहे. मला तीत विसंगतीपेक्षा प्रांजळपणा अधिक दिसतो. मणी आणि मल्ल यांचा संहार करून आलेल्या या दैवताला, आपल्या पानावरील अन्न विस्तवातून, पाट्यावरून आणि कोयत्याखालून आले आहे, हे लपविण्याची गरज कोणास वाटलेली नाही.

परंतु या भरितासाठी लागणारी कोथिंबीर, पात, ओला लसूण आणि सोबतच्या चटणीचा पुदिना ही सामग्री बाजारातून न आणता घरच्या परसात अथवा गॅलरीतील कुंड्यांत वाढविण्याची हौस ज्याला जडते, त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बाजारच्या गिऱ्हाइकापुढे कधीच येत नाही. बाजारातून आलेली जुडी मुळासकट आणि मेलेलीच हाती येते. तिच्या मरणाचा पंचनामा शेतावर केव्हाच उरकलेला असतो. घरच्या कुंडीत मात्र पेरणारा, पोसणारा आणि खुडणारा हे तिघेही एकच. जे आपण लावले व वाढविले, ते निखाऱ्यावरील एका वांग्याच्या चवीसाठी तोडण्याचा हक्क आपणांस कोठून प्राप्त झाला?

प्रश्नाची खोली कळण्यासाठी कुंडी जरा जवळून पाहावी लागते. कोजागिरीच्या सुमारास धणे पेरले तर थंडीच्या आश्रयाने चंपाषष्ठीपर्यंत कोथिंबीर कापणीजोगी होते. पेरण्यापूर्वी प्रत्येक धणा रगडून त्याची दोन दळे वेगळी करावी लागतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. (हे रगडणे चपलेच्या तळव्याने उत्तम होते असे जाणते माळी सांगतात, देवाच्या पानावर जाणाऱ्या जिनसेचा आरंभ पायताणाखाली व्हावा याची खंत घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, धण्यास वाटत नसावी.) शेजारच्या कुंडीत लसणाच्या पाकळ्या टोके वर करून खोचल्या की थोड्याच दिवसांत हिरवे भाले वर येतात, आणि पुदिन्याची काडी नुसत्या पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी तिच्या पेऱ्यांना पांढरी मुळे फुटतात. ही मुळे पहिल्यांदा दिसतात तेव्हा, ज्या वस्तूला आपण काल चटणीचा जिन्नस समजत होतो, तिचा काही स्वतंत्र बेत आहे असे वाटून मनुष्य क्षणभर चपापतो.

हक्काच्या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर मालकीचे आहे: माती माझी, पाणी माझे, मेहनत माझी, तेव्हा पालाही माझा. हा युक्तिवाद थेट खोताचा आहे. कसणाऱ्याच्या श्रमावर आपल्या सनदेच्या जोरावर वाटा वसूल करणाऱ्या वर्गाविरुद्ध या प्रांतात केवढी चळवळ झाली, 1948 साली कुळवहिवाटीचा कायदा झाला आणि पुढे 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कसेल त्याची जमीन हे तत्त्व दप्तरी दाखल केले, याचा आपणांस अभिमान असतो. पण तोच न्याय कुंडीस लावला तर तेथे रात्रंदिवस कसणारे मूळ आहे, सूर्यप्रकाशाचे अन्न करणारे पान आहे, आणि आम्ही फार तर पाण्याचे खाते सांभाळणारे कारकून. कारकुनाने खजिन्यावर मालकी सांगावी हे कोणत्याही अमदानीत चालले नाही.

दुसरे उत्तर याहून धूर्त आहे. पुदिन्याचा शेंडा खुडला की झाड दाट होते, हे खरेच आहे. शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य बगलेतील डोळ्यांना दाबून ठेवते, शेंडा गेला की तो दाब सुटतो आणि एकाच्या जागी दोन फांद्या फुटतात. तेव्हा खुडणे हा वनस्पतीवर उपकारच होय, असे बागकामाची पुस्तके मोठ्या समाधानाने सांगतात. उपकारकर्त्याच्या तोंडी शोभणाऱ्या या भाषेचा मला नेहमीच संशय येतो. ज्या सुगंधासाठी आपण हे सारे करतो तो वनस्पतीने आपल्यासाठी राखून ठेवलेला प्रसाद नाही. पुदिन्याच्या पानावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले तेल हे कीटकांना दूर ठेवण्याचे तिचे शस्त्र आहे. लसणाची अखंड पाकळी तर जवळजवळ निर्गंध असते. ती चिरडली, तिच्या पेशी फुटल्या आणि आतापर्यंत निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेली दोन द्रव्ये एकत्र आली, की त्या क्षणी ॲलिसिन निर्माण होते आणि तो उग्र दर्प सुटतो. ज्याला आपण स्वाद म्हणतो ती एका जखमेची प्रतिक्रिया आहे. वांग्याला चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचणारा आणि विस्तवावरून उतरल्यावर, सुवास उडून जाऊ नये म्हणून, कोथिंबीर कच्चीच वरून भुरभुरणारा स्वयंपाकी हा एका परीने प्रतिकाराचा रसिक असतो.

वनस्पतीस वेदना होते काय, या वादात मी फार काळ गुंतणार नाही. महाभारतातील शांतिपर्वात भृगूने भरद्वाजाला वृक्षांनाही स्पर्श, श्रवण, दर्शन यांची जाण आहे असे समजावून सांगितले आहे. जैन आचार्यांनी वनस्पतीला एकेंद्रिय, केवळ स्पर्शाचे ज्ञान असलेला जीव ठरवून कांदा, लसूण, आले यांसारख्या कंदांत अनंत जीवांचा वास मानला आहे. आणि 1901 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी आघातास वनस्पतीही विद्युत्‌प्रतिसाद देते हे यंत्राच्या साहाय्याने दाखविले. प्रतिसाद म्हणजे दुःख काय, याचे उत्तर मात्र यंत्राच्या काट्याने दिले नाही, आणि ते काट्याकडून मिळेलसे वाटत नाही. आपल्या प्रश्नाला त्या उत्तराची वाट पाहण्याचे कारणही नाही. वेदना नसली तरी घेणे हे घेणेच असते.

या बाबतीत मला सर्वांत धीराचा माणूस वाटतो तो वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला त्याच्या खाटिकखान्यात येऊन धर्म ऐकावा लागला, आणि तेथे या मांसविक्रेत्याने त्याला सांगितले की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, ज्याला तुम्ही धान्य म्हणता ते बीजही सजीवच आहे, चालताना पायाखाली प्राणी चिरडतात, आणि पूर्णपणे अहिंसक असा या भूमीवर कोणीच नाही. जे यती अहिंसेत रत आहेत तेही हिंसा करतातच, फक्त त्यांच्या यत्नाने ती अल्प होते. या उपदेशाचा उपयोग लोक बहुधा उलट दिशेने करतात: सर्वच हिंसा करतात, तेव्हा आमचीही चालू द्या. व्याधाचा रोख तसा नाही. स्वतः मांस विकत असूनही तो ते खात नसे व प्राणी स्वहस्ते मारीत नसे. हिंसा अटळ आहे हे कबूल करूनही तिचे प्रमाण कमी-अधिक करणे आपल्या हाती आहे, हे त्याचे म्हणणे. शाकाहारी घरातील आमच्यासारख्यांना ते विशेष झोंबावे, कारण पानात मांस नाही एवढ्यावर आम्ही आमचा जमाखर्च बंद करून टाकलेला असतो.

मनुस्मृतीने हाच हिशेब अधिक बारकाईने मांडला आहे. गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने आहेत असे ती सांगते: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाचांपासून घडणाऱ्या पातकाच्या निष्कृतीसाठी पाच महायज्ञ सांगितले. आपले भरीत या पाचांपैकी तीन स्थानांतून तरी जाते. खानदेशात ते भाजून झाल्यावर लाकडी मुसळीने ठेचतात, म्हणजे उखळही त्यात आले. ही नुकसानभरपाईची योजना पुष्कळ दिवस मला पसंत नव्हती, कारण अपराध एकाचा आणि भरपाई ऋषी, पितर, देव, अतिथी यांना, ही तडजोड कचेरीतील एखाद्या चलाख मुन्शीने काढावी तशी वाटे. पण वैश्वदेवाच्या विधानात एक तपशील आहे, आणि त्याने माझे मत पालटले. द्वारापाशी मरुतांना, पाण्यात अप्‌देवतेला बली टाकावा असे सांगत असतानाच, वनस्पतींचा बली उखळ-मुसळापाशी ठेवावा असे तेथे म्हटले आहे. जेथे त्यांना कुटले जाते नेमक्या त्याच जागी त्यांच्या नावाने घास काढायचा! मनूच्या इतर पुष्कळ व्यवस्थांशी ज्याचे मुळीच जमणार नाही अशा वाचकानेही या एका नेमणुकीकडे आदराने पाहावे.

तुळशीच्या बाबतीत आपण हे सौजन्य अजून सांभाळून आहोत. तिचे पान घेण्यापूर्वी तिची क्षमा मागायची, द्वादशीला व सायंकाळनंतर ते तोडायचे नाही, नख लावायचे नाही. कार्तिकात तिचे लग्न लावायचे. आता गंमत अशी की, जिच्या बियांना आपण सब्जा म्हणतो आणि जी युरोपीय पद्धतीच्या स्वयंपाकाच्या ओढीने अलीकडे आपल्या गॅलरीत दाखल झाली आहे, ती वनस्पती तुळशीच्याच कुळातील, तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. एकीपुढे सांजवात, आणि दुसरीची पाने भाजलेल्या टोमॅटोवर. दोन कुंड्यांत हाताचेही अंतर नसते. हा भेद वनस्पतीने केलेला नाही, तो सर्वस्वी आपला आहे. आणि त्यावर दोन आक्षेप संभवतात, एक की तुळशीचे लाड हे ढोंग आहे, दुसरा की सब्ज्यावर अन्याय होतो. मला दोन्ही पटत नाहीत. प्रत्येक पानापुढे हात जोडत बसले तर चूल पेटणार नाही. म्हणून परंपरेने एक झाड निवडले आणि त्याच्या ठिकाणी सर्वांशी वागायचा शिष्टाचार गिरवून घेतला. मात्र कित्ता गिरवून झाल्यावर पाटी फोडून टाकावी तसे तुळशीपुरते सभ्य राहून बाकीच्या कुंड्या ओरबाडणे हे त्या शिकवणीचे फलित नव्हे.

राहिला प्रमाणाचा प्रश्न. येथे विदुराने धृतराष्ट्राला राज्यकारभाराविषयी सांगितलेली एक गोष्ट कुंडीवाल्यांनी आपलीशी करावी. राजाने प्रजेकडून कर घ्यावा तो माळ्याने बागेतून एकेक फूल वेचावे तसा, मूळ न छेदता. कोळसे पाडणाऱ्याने झाड घ्यावे तसा नव्हे. कोथिंबिरीच्या बाहेरच्या काड्या घेऊन मधला कोंब राखणे, लसणाची पात वरून कापून पाकळी मातीत ठेवणे, पुदिन्याचा केवळ शेंडा घेणे, हे सारे माळ्याच्या मार्गात बसते, आणि आपण सुसंस्कृत आहोत अशी खात्री पटून आपण शेगडीकडे वळतो. शेगडीत काय असते? कोळसा. ज्या कोळसे पाडणाऱ्याचे उदाहरण विदुराने टाळण्यासाठी दिले, त्याच्याच हातचा माल. कुंडीतील पाच पानांपायी मनाला एवढा घोर लागतो, आणि पोत्यातून आलेला कोळसा कोणत्या झाडाचा, ते मुळापासून गेले की कसे, याची विचारपूस कोणीच करीत नाही. पैशाचा हिशेब काटेकोर ठेवून रुपयांची अफरातफर डोळ्याआड करावी, त्यातला हा प्रकार. खानदेशातील शेतकरी या बाबतीत आपल्याहून निर्दोष. जळगावच्या ज्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वांगे तेथे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर अथवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. पीक घरात आल्यावर शिवारात उभे राहिलेले ते लाकूड, त्यासाठी वेगळे झाड पाडावे लागत नाही. पानाविषयी सोवळे राहण्यापूर्वी सरपणाचे सोवळे पाहिले पाहिजे, असे मला वाटते, आणि हे सुशिक्षित नागर मनुष्याला पचणे कठीण, कारण कुंडी डोळ्यांसमोर असते आणि जंगल नसते.

तरीही माळ्याचा मार्ग सर्वत्र पुरत नाही. पात कापता येते, पान खुडता येते, पण कांदा हवा असेल तर तो उपटावाच लागतो, आणि तेथे विदुराच्या दृष्टांताची मर्यादा संपते. अशा वेळी मला अरणच्या सावता माळ्याची आठवण होते. 1295 साली समाधिस्थ झालेला हा संत पंढरीच्या वारीपेक्षा आपल्या मळ्यातच रमला, आणि तेथल्या पाल्याभाजीत, कंदमुळांत त्याने आपले दैवत पाहिले, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या वाणीचा गोडवा गाताना आपण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. सावता हा माळी होता, मळा पाहायला आलेला पाहुणा नव्हता. हंगाम आला की ज्यात देव दिसला ते त्याला उपटावे लागत असणार, धुवावे लागत असणार, कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचवावे लागत असणार. देव दिसला म्हणून हात थांबला नाही, आणि हात चालला म्हणून देव दिसेनासा झाला नाही. खोताचा हक्क त्याने सांगितला नाही, उपकाराची भाषा केली नाही, निष्कृतीचा जमाखर्चही मांडला नाही. देव दिसणे आणि हात चालणे या दोन गोष्टी एकाच मुठीत त्याने कशा धरल्या, हे त्याच्या भाविकांनी विचारलेले नाही. पण कांद्याची पात हाताभोवती गुंडाळून ती ओढण्यापूर्वी त्याला स्वतःला हा प्रश्न एकदाही पडला नसेल, असे मी मानायला तयार नाही.