ओझे, दोर आणि तवक्कुल

तिर्मिजी शरीफमध्ये ह. अनस बिन मालिक (र.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, उंटीण बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळी सोडून भरवसा ठेवू? प्रेषितांनी (स.) त्याला आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. ही हदीस आपण अभ्यास टाळणाऱ्या मुलाला ऐकवतो, औषधाचा कंटाळा करणाऱ्या वृद्धाला ऐकवतो. तवक्कुल म्हणजे आळस नव्हे, एवढा एकच बोध आपण तिच्यातून काढला आहे. परंतु ज्यांची रोजीरोटीच बांधण्यावर आहे, असे शेकडो लोक जुमुअच्या नमाजात आपल्या शेजारी बसलेले असतात. मालवाहू ट्रेलरचा चालक-मालक हा त्यांपैकी एक. त्याच्यासाठी या हदीसमधील ‘बांधणे’ हा दृष्टान्त नाही. ते त्याचे रोजचे काम आहे, आणि हाशरच्या मैदानात त्या कामाचा हिशेब त्याला द्यावयाचा आहे.

काम कसले, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. रायगड जिल्ह्यात पेणजवळ डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार आहे, आणि तेथून बोरघाट चढून माल पुणे-चाकणच्या कारखान्यांकडे जातो. या मालात पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, ही सर्वांत अवघड. एकेक कॉइल वीस-पंचवीस टनांपर्यंत भरते. ट्रेलरला बाजूच्या फळ्या नसतात, सपाट फळीवर ती ठेवायची असते. ती गोल असल्यामुळे तिचा भार एका अरुंद पट्टीवर पडतो. तिचे भोक गाडीच्या बाजूकडे ठेवले तर ब्रेक दाबताच ती पुढे, चालकाच्या केबिनकडे लोळू पाहते. भोक पुढे-मागे ठेवले तर वळणावर ती बाजूला, म्हणजे शेजारून चाललेल्या रिक्षावर किंवा मोटारसायकलवर जाऊ पाहते. कशीही ठेवली तरी धोका नाहीसा होत नाही, फक्त तो कोणाच्या वाट्याला येणार ते बदलते! पत्र्यावर तेलाचा हात असेल तर घर्षणही कमी. कॉइलच्या धारेवर नायलॉनचा पट्टा कापला जातो, म्हणून साखळी लागते. खाली नीट बसणारे भक्कम गुटके किंवा लोखंडी चौकट लागते. निघाल्यावर काही अंतरात लाकूड दबते, माल ‘बसतो’ आणि ताणलेली साखळी सैल पडते. म्हणून थांबून ती पुन्हा आवळावी लागते. अमेरिकेच्या नियमांत अशी बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पेलणारी असावी, असे सांगितले आहे. वीस टनांच्या कॉइलसाठी हा जोर सोळा टनांचा होतो. हा आकडा लक्षात ठेवून आपल्या रस्त्यावर दोन जुन्या साखळ्यांनी बांधलेली कॉइल पाहावी.

अशी कॉइल सुटली आणि कोणी दगावले, की आपल्या तोंडी पहिले वाक्य येते ते तकदीरचे. मृताच्या घरच्यांनी ते म्हटले तर ती सब्र आहे, आणि तिला मोठा अज्र आहे. परंतु तेच वाक्य बांधणाऱ्याने उच्चारले तर त्याचा अर्थ बदलतो. मृत्यूची घटका अल्लाहने ठरवली होती, हे खरेच आहे. साखळीचा गंजलेला दुवा मात्र आदल्या रात्री त्याने स्वतः पाहिला होता. तकदीरवर ईमान ठेवणे आणि तकदीरला साक्षीदार म्हणून उभे करणे यांत अंतर आहे.

आपल्या फकीहांनी या बाबतीत जी बारकाई दाखवली आहे, ती आजच्या वाचकाला चकित करील. इमाम कुदूरी (रह.) यांचे निधन हिजरी ४२८ मध्ये झाले. त्यांचे ‘मुख्तसर’ आमच्या मदरशांत आजही शिकवले जाते. त्यात भाड्याच्या व्यवहारांचे प्रकरण आहे. त्या काळी जनावरे भाड्याने देऊन माल पोचवणारा जो असे त्याला मुकारी म्हणत. आजच्या भाषेत हा आपला चालक-मालकच. कुदूरी सांगतात की, मुकारीने ज्या दोराने ओझे बांधले तो दोर तुटून माल नष्ट झाला तर भरपाई मुकारीवर आहे. याच ओळीत ते धोब्याच्या आपटण्याने फाटलेल्या कपड्याचा आणि हमालाच्या पाय घसरण्याचाही उल्लेख करतात. दोर तुटणे ही वरवर पाहता दोराची करणी आहे. मग दोष माणसाचा कसा? या प्रश्नाचे उत्तर ‘हिदाया’चे कर्ते इमाम मरगीनानी (रह.) देतात. दोर तुटला तो बांधणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून. तेव्हा ते त्याचेच कृत्य समजले जाईल. शिवाय मालकाने त्याला परवानगी दिली होती ती माल सुखरूप नेणाऱ्या कामाची. माल बिघडवणारे काम त्या परवानगीत येतच नाही.

येथे मतभेद आहे, आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इमाम जुफर आणि इमाम शाफई (रह.) यांचे मत याहून सौम्य आहे: काम करणाऱ्याच्या हाती असलेला माल ही अमानत आहे, आणि कसूर झाली असेल तरच भरपाई. आपल्या महाराष्ट्रात या मतभेदाला एक भूगोलही आहे. कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. म्हणजे डोलवीहून निघालेली कॉइल बोरघाट चढताना एका मजहबच्या मुलखातून दुसऱ्यात जाते. तथापि व्यवहारात हे अंतर दिसते त्यापेक्षा कमी आहे. जुना दोर, अपुऱ्या साखळ्या, वाटेत एकदाही न केलेली तपासणी, यांना कसूर नाही म्हणणारा फकीह कोणत्याही मजहबमध्ये मिळणार नाही.

माल नष्ट होण्यापेक्षा माणूस दगावणे हा प्रश्न मोठा, आणि ‘हिदाया’त त्याचे प्रकरण वेगळे आहे. रस्त्याने चालण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो इतरांच्या सलामतीच्या अटीवर, हा तेथील पाया आहे. त्यावर एक मसला असा: कोणी रस्त्याने काही वाहून नेत असता ते पडून माणूस दगावला, तर वाहणारा जबाबदार. परंतु अंगावर पांघरलेली चादर सरकून पडली आणि तिच्यामुळे कोणी दगावला, तर पांघरणारा जबाबदार नाही. मग जनावरावरचे खोगीर पडून कोणी मेला तर? खोगीर एका अर्थी जनावराचा पोशाखच आहे. उत्तर असे की, जनावर हाकणारा जबाबदार आहे. कारण खोगीर पडले ते आवळून, पक्के न बांधल्यामुळे. चादर बांधण्याची रीतच नाही, खोगीर बांधण्याची आहे.

विद्यार्थी असताना हा मसला मला निव्वळ बौद्धिक कसरत वाटे. आता वाटते, यात जबाबदारीचे संपूर्ण शास्त्र सामावले आहे. माणूस सर्वच गोष्टींना जबाबदार नाही. अल्लाहने दीनमध्ये अशी तंगी ठेवलेली नाही. जे बांधायचे म्हणूनच असते, ते न बांधल्याबद्दल मात्र तो जबाबदार आहे, आणि तेथे ‘मी काही मुद्दाम पाडले नाही’ हे म्हणणे चालत नाही. (मुद्दाम पाडले असते तर प्रकरण वेगळेच झाले असते.)

इथवर सर्व सोपे आहे. अवघड भाग पुढे आहे. तो एका ट्रेलरवाल्या भावाने इशाच्या नमाजनंतर माझ्यासमोर ठेवला. तो म्हणाला, “मौलाना, तुम्ही साखळी सांगता. मला सहा साखळ्या लावायच्या असतात. पार्टी म्हणते, दोन लाव आणि निघ, मागे गाड्या उभ्या आहेत. पासिंगपेक्षा तीन टन जादा भरतात. नाही म्हटले तर दलाल दुसऱ्याला भाडे देतो. गाडीचा हप्ता तारखेला द्यावाच लागतो. मग गुनाह कोणाचा?” हप्त्यातील व्याजाचा प्रश्न येथे घेत नाही, त्याला स्वतंत्र लेख हवा. पण त्याच्या प्रश्नाला ‘तुमचाच’ एवढे उत्तर देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

आधी त्याच्या वाट्याचे पाहू. इज्तिरार, म्हणजे नाइलाज, याने अनेक निषिद्ध गोष्टी शिथिल होतात. उपाशी मरणाऱ्याला मृत जनावराचे मांसही चालते. पण फकीहांनी येथे एक भिंत उभी केली आहे: स्वतःचा जीव धोक्यात असला तरी दुसऱ्या निरपराधाचा जीव घेण्याची मुभा नाही. सैल साखळी म्हणजे खून नव्हे, हे मान्य. परंतु जेथे स्वतःचा जीवही दुसऱ्याच्या जिवाच्या बदल्यात वाचवता येत नाही, तेथे महिन्याचा हप्ता दुसऱ्याचा जीव टांगणीला लावून कसा वाचवता येईल? म्हणून माझे मत असे की, ज्या बांधणीवर त्याच्या स्वतःच्या अनुभवाचा विश्वास नाही, ती घेऊन निघणे त्याला जायज नाही. हे कठोर आहे, ठाऊक आहे. नाही म्हणण्याची किंमत त्याच्या मुलांच्या ताटातून जाते, हेही ठाऊक आहे.

आता दुसरा वाटा. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुअत्ता’मध्ये ह. उमर (र.) यांच्या न्यायाची एक घटना आहे. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी मुजैना जमातीच्या एका माणसाची उंटीण चोरून कापली. शिक्षेचा हुकूम निघाला होता. तेवढ्यात ह. उमर (र.) थांबले आणि हातिबकडे वळले. तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते, असे ते म्हणाले. उंटिणीची किंमत चारशे दिरहम सांगितली गेली. त्यांनी हातिबला आठशे भरायला लावले. ज्याने हात घातला त्याच्यापाशी न थांबता, त्याला तेथवर लोटणाऱ्यापर्यंत जाणारी ही नजर आहे. पार्टी, ट्रान्सपोर्टवाला, दलाल, जादा माल भरून वजनकाट्यावर ‘सांभाळून घेणारा’ माणूस, या सर्वांना ती लागू होते. आणि यांतही आपले बांधव आहेतच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार झाला. २०१४ मध्ये गाडीच्या मागे सळया बाहेर काढून नेण्याची सवलत केंद्र सरकारने काढून टाकली. कायदा आहे. परंतु माल भरून घेणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याने केवळ कायद्याची वाट का पाहावी? एका उंटाने मालकाविषयी उपासमारीची आणि अतिश्रमाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मालकाला जाब विचारला होता, हे अबू दाऊद शरीफमध्ये आहे. ट्रेलर मुका आहे, तक्रार करू शकत नाही. चालकाला तोंड आहे. पण त्याने ते उघडले की भाडे जाते.

आणि तिसरा वाटा, ज्याचा आपण विचारही करीत नाही. चुकून झालेल्या मृत्यूची दियत हनफी फिक्हनुसार एकट्या गुन्हेगारावर पडत नाही, ती त्याच्या आकिलावर, म्हणजे ज्यांच्या आधारावर तो उभा असतो त्या लोकांवर वाटली जाते. निरपराध नातलगांनी का भरावे? ‘हिदाया’त याचे कारण दिले आहे: माणूस निष्काळजी होतो तो आपल्या पाठीराख्यांच्या बळावर, त्याच्यावर नजर ठेवण्यात ते कमी पडले, म्हणून भार त्यांच्यावर. आज ही व्यवस्था आपल्याकडे चालू नाही, आणि एखाद्या अपघाताचा शरई हुकूम मुफ्तींनाच विचारावा. परंतु त्यामागचे कारण आजही जिवंत आहे. वस्तीतील दहा ट्रेलरवाले एकमेकांचे आकिला आहेत काय? असतील, तर एकाने नाकारलेला धोकादायक माल दुसरा कसा उचलतो? दलालाची सारी ताकद त्या दुसऱ्यावरच उभी आहे. आणि मशिदीच्या कमिटीला, जिच्याकडे नव्या गालिच्यासाठी निधी जमतो, तिला भक्कम साखळ्या आणि टर्नबकल यांचा एक सामायिक साठा, किंवा भाडे नाकारलेल्या महिन्यासाठी कर्जे-हसना, ही कामे आपली का वाटू नयेत? रस्त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. पडलेला काटा उचलण्याने हे पुण्य मिळते, तर काटा पडूच न देण्याने का मिळू नये?

त्या भावाशी बोलणे बरेच लांबले. त्यातून एक गोष्ट अशी निघाली की, तो वाहनावर बसल्यावरची दुआ न चुकता पढतो, पण ती केबिनमध्ये बसून, इंजिन सुरू झाल्यावर. मी सुचवले की, आधी गाडीभोवती एक फेरी मारावी, प्रत्येक साखळीला हात लावावा, आणि मग बसावे. दुआ तीच राहील. अमेरिकेत पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून बांधणी तपासण्याची सक्ती आहे, हे सांगितल्यावर तो हसला. आपल्याकडे कस्रचा प्रवास अठ्ठेचाळीस मैलांचा धरतात, म्हणजे जवळपास तेवढाच. दोहोंचा संबंध काही नाही, योगायोग आहे. पण लांबच्या प्रवासाला निघालेल्याला गाव सोडताच कस्रची सवलत लागू होते, चारऐवजी दोन रकअत. कळंबोलीहून चाकणचे अंतर यात बसते की नाही, यावर आमची थोडी चर्चा झाली.  खोपोलीला, घाट चढण्यापूर्वी, तो जुहरसाठी थांबतोच. वुजूच्या आधी की नंतर साखळ्या आवळाव्या, असे त्याने विचारले. आधी, मी म्हणालो, हाताला ग्रीस लागते.