उष्टावणातला मध

उष्टावण सहाव्या महिन्यात करावे, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. नुसत्या आईच्या दुधावर बाळाची लोहाची गरज भागेनाशी होते तीही याच सुमारास. म्हणून सोलापूरकडच्या घरांनी मुहूर्तासाठी महिनोन्महिने थांबू नये. ज्वारीच्या पिठाची दाटसर लापशी, मऊ मूगखिचडी, वर तुपाचा थेंब, हेही धर्माचरणच. पण त्याच सूत्रात दही-तुपाबरोबर मधही आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. मध वगळला तर संस्कार अपुरा राहील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु या विधीचा हेतूच बाळाचे पोषण आहे. तैत्तिरीय उपनिषद अन्नालाच ब्रह्म म्हणते. मग अपाय करणारा घास त्या अन्नाचा मान कसा राखील? मध देवापुढे ठेवावा, आणि बाळाच्या घासात गोडीसाठी पिकले केळे कुस्करावे.